प्रोफेसर लाल आणि काखेतलं लिंबू

शाळेत तिसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि नेहमीसारखी नोटीस पुढे न करता नुसताच उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. भाऊ गेला होता. ज्या कापडाच्या दुकानात तो नोकरीला होता तिथंच, गिऱ्हाइकापुढे पातळाची घडी उलगडता उलगडता गेला. गादीवर आडवा झाला तेव्हा दुकानातल्यांना ती त्याची गंमत वाटली. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली म्हणे... मला हे सांगताना त्या लोकांना फार अपराधी वाटत होतं. मला मात्र त्यांचा राग आला नाही. ज्यानं उमेदीची वर्षं लोकांना खोटं मरण दाखवण्यात घालवली, त्याच्या खऱ्या मरणावर विश्वास बसायला थोडा उशीर व्हायचाच.

माझा हा थोरला भाऊ सुकलाल. धुळ्यापासून बोदवडपर्यंतच्या बाजारगावांत त्याला जादूचे खेळ करणारा ‘प्रोफेसर लाल’ म्हणून ओळखायचे. मॅट्रिकला दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस प्रोफेसर कसा झाला, असं मी चिडवलं की म्हणायचा, “कॉलेजातल्या प्रोफेसरापुढं पोरं झोपतात. माझ्यापुढं एक तरी झोपतं का?” हात मात्र खरोखर प्रोफेसरचे होते. रुपयाचं नाणं तो अंगठ्याच्या मुळाशी असं धरायचा, की बोटं फाकवून दाखवली तरी तळवा रिकामाच दिसावा. हा सराव जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांशी बोलताना चालूच असायचा. आई म्हणायची, याच्या पानात भाकरी वाढावी तर आधी हात तपासावा लागतो. एकदा मामा रुसून निघाले होते, तर भाऊनं त्यांच्या टोपीतून भुईमुगाच्या शेंगा काढायला सुरुवात केली. मामा हसेपर्यंत शेंगा संपल्या नाहीत. घरात कधी पैसा टिकला नाही, पण हसण्याला तोटा नव्हता.

खेळाचा शेवटचा आयटम म्हणजे माझं मरण. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसची असेन. भाऊ माझ्या डोळ्यांपुढून हात फिरवायचा, मी कोसळायची, अंगावर पांढरी चादर पडायची. मग तो गावातल्या डॉक्टरला नाहीतर कंपाउंडरला मानानं स्टेजवर बोलवायचा आणि माझी नाडी बघायला लावायचा. नाडी लागायची नाही. यातली विद्या एवढीच की माझ्या काखेत एक घट्टसं लिंबू असायचं. दंड अंगाशी दाबून धरला की मनगटातली नाडी लागेनाशी होते, सोडला की परत लागते. डॉक्टरनं मान हलवली की बायकांमध्ये हुंदके सुरू व्हायचे, आणि भाऊ मंत्र म्हणायला लागायचा. मंत्र म्हणजे नरडाण्यापासून जळगावपर्यंतच्या रेल्वे स्टेशनांची नावं, उलटी करून, नाकातून! धरणगाव उलटं झालं की मला चादरीखाली हसू आवरायचं नाही. मग मी उठायची आणि मैदान दणाणून जायचं. या मरणानं माझं लग्न मात्र अडवलं. एका स्थळानं तोंडावर सांगितलं, रोज मरणारी मुलगी आम्हाला घरात नको. जादूगाराला तरी मुलगी कोण देणार? आम्ही दोघं तसेच राहिलो, आणि त्याचं फारसं दुःखही केलं नाही.

नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावात असाच खेळ झाला. आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. सकाळी मी चुलीवर चहा ठेवला होता, तेवढ्यात एक बैलगाडी अंगणात शिरली. गाडीत गोधडीत गुंडाळलेली दहा-बारा वर्षांची मुलगी होती. बऱ्याच दिवसांच्या तापानं ती पहाटे गेली होती. तिची आई, कौतिकबाई, आदल्या संध्याकाळी घटकाभर आमच्या खेळाला येऊन गेली होती. गाडीतून उतरून ती थेट भाऊच्या पायांशी बसली. रडत नव्हती. घाईत होती.

“भाऊ, तुमनी बहीणले उठाडं, तशी मनी आंडेरले उठाडा,” ती म्हणाली. बहिणीला उठवलंत, माझ्या लेकीलाही उठवा. “मी मना डोयाघाई देखं. डाक्टरनी सांगं, नाडी नही शे. तरी बी ती उठनी.” स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं तिनं.

भाऊचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. जादूगाराचा एकच धर्म, गुपित फोडायचं नाही. गुरूसमोर नारळावर हात ठेवून घेतलेली ती शपथ भाऊनं त्या अंगणात, एक क्षणही विचार न करता मोडली. मला हाक मारली, लिंबू आणायला लावलं, सगळ्यांदेखत माझ्या काखेत ठेवलं आणि माझं मनगट कौतिकबाईच्या हातात दिलं. “अक्का, हाई बठ्ठं खोटं शे. ही मरेलच नव्हती. लिंबू दाबं की नाडी थांबस. देखा, आते थांबनी... आते परत लागनी. लागनी का?”

“लागनी,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. कुणाचाही चेहरा इतका उजळलेला मी त्यानंतर बघितला नाही. तिनं माझ्या काखेतून लिंबू ओढून काढलं, गाडीकडे धावली, लेकीच्या काखेत ते खुपसलं, वरून तो बारीक दंड दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून नाडी लागायची वाट बघत बसली.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. ज्या गावात दुखणं उतरवायला भगत लिंबू ओवाळतो, नजर काढायला लिंबू कापतात, त्या गावातल्या बाईला भाऊनं पुरावा म्हणून लिंबू दाखवलं होतं. तो खोटेपणा दाखवत होता, तिला सामर्थ्य दिसत होतं. तिचा नवरा बाजूला मान खाली घालून उभा होता, शेवटी त्यानंच तिचे हात सोडवले. गाडी निघाली तेव्हा ती रागावली नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, “लिंबू दिधं भाऊ, पन मंतर नही दिधा.”

तो आयटम त्या दिवसापासून बंद झाला. भाऊ नंतर प्रत्येक खेळाच्या सुरुवातीलाच सांगायला लागला, की ही नुसती हातचलाखी आहे, यात मंत्र-तंत्र काही नाही. लोकांना हे आवडेना. खोटं बघायला यायचं आणि वर ते खोटं आहे हेही ऐकून घ्यायचं, असं कोण करतं? पुढे गावोगाव व्हिडिओ आले, टीव्ही आले, मी शाळेत शिकवायला लागले, आणि प्रोफेसर लाल कापडाच्या दुकानात पातळं दाखवायला बसला. याचं त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्याचा जीव अडकला होता दुसरीकडेच. दुकानाला सुट्टी असली की तो त्या गावाला जायचा. कौतिकबाईच्या ओट्यावर बसून तिला एकेक जादू उघडी करून दाखवायचा. नाणं कुठं जातं, अंडं पिशवीत कुठं लपतं, दोरी कापूनही कशी अखंड राहते... सगळं. मंत्राची स्टेशनंसुद्धा सरळ करून सांगितली. ती म्हणाली, “टेसननी नावं माले माहीत शेत, भाऊ.” ती त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे. भरीत-भाकरी वाढायची, पंख्यानं वारा घालायची. तिचा समज असा, की चांगली सेवा झाली तर एक दिवस हा माणूस विरघळेल आणि खरं ते सांगेल.

परत आला की भाऊ नाणं अंगठ्याशी फिरवत बसायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, “सांगून टाक ना, मंत्र होता पण तापानं गेलेल्यावर चालत नाही. सुटेल बिचारी.” तर म्हणाला, “मग तिला वाटेल, वेगळ्या दुखण्यानं गेली असती तर वाचली असती. आणखी एक खोटं तिच्या गळ्यात कशाला बांधू?” कौतिकबाईनं एकदा तरी म्हणावं की भाऊ, तुमच्या हातात काही नव्हतं, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. ते त्याला मिळालं नाही. तो गेला तो तिच्या लेखी मंत्र दडवून ठेवणारा माणूस म्हणूनच गेला, आणि याचं मला जेवढं दुःख आहे तेवढं त्याच्या जाण्याचंही नाही.

दहाव्याला ती आली. केस पांढरे झालेत, पाय दुखतात, तरी एकटीच एसटीनं आली. सगळे पांगल्यावर तिनं माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, “माय, मंतर कोनले दिधा त्यास्नी?”

“मंत्र नव्हता, अक्का. खरंच नव्हता.”

“हां, तेबी मरेपर्यंत असंच सांगेत,” ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. भावाचा शब्द राखणारी बहीण म्हणून तिला माझं कौतुकच वाटलं असावं.

तेव्हापासून ती अधूनमधून येते. भाऊच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर खाली बसते. काही मागत नाही. मी चहाचा कप पुढे करते, तर ती कपाकडे बघत नाही. जादूगार देतो त्या हाताकडे बघायचं नसतं, दुसऱ्या हाताकडे बघायचं असतं, हे तिला त्या ओट्यावर भाऊनंच शिकवलं असणार. ती माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत राहते. मी तो तिच्यासमोर धरते, बोटं फाकवते, उलटासुलटा करून दाखवते. ती मान डोलावते, चहा पिते, आणि जाताना म्हणते, “येसू परत.”