शोकेसमधली सुलोचना

हे मी बायकोलेही कधी सांगितलं नाही. ती गेली, आता राहूनच गेलं. तुमचं-माझं नातं काय? काही नाही. म्हणून तुम्हाले सांगतो — घरच्या माणसासमोर जीभ उचलत नाही. मी चौथी नापास. लिहिणं वेडंवाकडं होईल, तेवढं चालवून घ्या.

नागपूरच्या इतवारी बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. परवा बंद केला. रंगीत फोटोचा जमाना आला, मले जमला नाही — जमवून घेतला नाही म्हणा. हट्टी आहे मी. लोकं म्हणत, याच्या दुकानात गिऱ्हाईकानं कधी हसायचं तेही हाच ठरवते. खरं आहे. उजेड कुठून घ्यायचा, मान किती वळवायची, सगळं माझ्या मनानं. फोटो कोणाचा? ज्यानं काढला त्याचा. अन् चेहरा कोणाचा — हे मले कधी सुचलंच नाही.

सुलोचना खाप्याची, नागपूरजवळच्या गावची. बाप विणकर, लुगडी विणून इतवारीतल्या व्यापाऱ्यायले द्यायचा. पोरगी नागपुरात मावशीकडं राहून नर्सचं शिकत होती. दवाखान्याच्या कार्डाले फोटो पाहिजे म्हणून मावशीसंगं आली. बसली ती अशी ताठ, की मी म्हटलं, "बाई, फोटो काढून राहिलो, सुई नाही टोचून राहिलो. ते तर तू करशील लोकायले."

हसली. मी बटन दाबलं.

तसा फोटो आयुष्यात एकच निघाला माझ्या हातून. मोठा केला, हातानं रंगवला, गालावर हलका गुलाबी — अन् रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लाल मखमलीवर मधोमध लावला. तिले विचारलं नाही. काहून विचारायचं? दुकान माझं, काच माझी. लग्नसराईत लोकं बोट दाखवून म्हणत, अस्सा पाहिजे.

एक दिवस ती एकटीच आली. "काका, तो फोटो काढा ना. बाबा येतात बाजारात. पाहतीन तर शिकणं बंद करतीन माझं."

काढतो म्हटलं. नाही काढला.

इथवरचं सांगता येते हो. इथवर नुसता हट्ट आहे. हट्टाची मले लाज नाही वाटत. पुढचं —

बाप आला. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं. काचेसमोर उभा राहिला, हलेचना. माझ्या ओट्यावर शेजारचा भांडेवाला अन् आणखी दोघं चहा पिऊन राहिले होते. भांडेवाला म्हणे, "काय पाह्यता जी? आमच्या बाजारची हिरोईन आहे ते!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा तो वळला अन् हळूच म्हणाला, "माह्या पोरीचा फोटो कोणाले विचारून लावला, भाऊ?"

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडं पाहून राहिले. चार लोकांत, माझ्याच ओट्यावर, एक गाठोडंवाला मले जाब विचारते — एवढंच डोक्यात. माझी चूक झाली, हे किती लहान वाक्य आहे? तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "तिनंच सांगितलं लावायले. हौस होती तिले."

हे. हेच ते.

त्यानं आवाज चढवला नाही. फोटो मागितला. मी काढून दिला. त्यानं तो गाठोड्यातल्या एका नव्या लुगड्यात गुंडाळला, काचेचं भांडं असावं तसा जपून, अन् गेला.

काही दिवसांनी मावशी दुकानापुढं थांबली. भांडायले नाही आली. म्हणे, शिकणं सुटलं पोरीचं, खाप्यालेच ठेवली, लग्न ठरवून राहिले. "लय रडली जी. म्हणे, मी नाही म्हटलं लावायले, मी तर काढा म्हटलं — शपथा खाल्ल्या तिनं. तर बाप म्हणे, फोटोवाला परका माणूस, तो काहून खोटं बोलन?"

असं म्हणून ती माझ्याकडं पाहत राहिली. वाट पाहत होती, हे मले तेव्हाही समजलं होतं. मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, "चहा घेता का, बाई?"

लग्न व्हायचं होतं अजून. खाप्याची बस रोज जात होती. बापासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. नाही गेलो. पुढं तिचं काय झालं, मले माहीत नाही — माहीत करून घेतलं नाही. तिचा बाप बाजारात दिसला की मी आत अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत होतो. तो कधी दुकानात आला नाही, तरी.

शोकेसमधली जागा रिकामी दिसू नये म्हणून त्याच मापाचा डोंगराचा फोटो लावला. तो कधी हलवला नाही. परवा सुतार शोकेस उखडायले आला, त्यानं डोंगर उतरवला. बाकी मखमल उन्हानं रंग उडून मातीसारखी झालेली, अन् मधोमध तेवढा चौकोन लालभडक, जसा कालच ठोकला.

त्यानं त्याच्यावरून हात फिरवला. म्हणे, "बाबाजी, याच्या आधी इथं कोणाचा फोटो होता जी?"

मी म्हटलं, "डोंगर होता."