आठवीचा पट

काशीमीऱ्याच्या नाक्यामागे, गॅरेजांच्या रांगेला लागून आमची शाळा होती. एका इमारतीचे दोन मजले, मराठी माध्यम, विनाअनुदानित. म्हणजे सरकारची मान्यता होती, पैसा नव्हता. मी तिथे आठवीची वर्गशिक्षिका होते. संस्था देईल ते मानधन घ्यायचं आणि कधीतरी अनुदान मंजूर होईल, पूर्ण पगार सुरू होईल, या आशेवर शिकवत राहायचं. माझी नणंद दादरच्या एका जुन्या अनुदानित शाळेत होती. आम्हा दोघींचं बी.एड. एकाच कॉलेजचं. तिच्या शाळेत मुलींना फी नव्हती आणि तिला पगार सरकार देत होतं. आमच्याकडे गोदामातल्या हमालाची मुलगी फी भरायची आणि त्या फीतून आमचं मानधन निघायचं.

ती मुलगी माझ्याच वर्गात होती. एरवी गप्प असायची, पण धडा वाचायला उभी केली की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबायची. घरचे जालन्याकडचे. पावसाळा संपता संपता रस्त्याच्या कामात त्यांची झोपडी गेली. वडिलांनी बायको-मुलांना गावी पाठवलं, स्वतः गोदामातच झोपायला लागले, आणि एक दिवस मुलीचा दाखला मागायला आले.

मुख्याध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "तपासणी होऊ द्या, मग लगेच देतो."

अनुदानासाठी शाळा बघायला समिती यायची होती. आठवीच्या पटावर नियमाला लागतील तेवढीच मुलं होती, एकही जास्त नाही. एक नाव कमी झालं तर तो वर्ग अपात्र, आणि त्यासोबत सगळा प्रस्ताव परत. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. शाळा सुटल्यावर ते विम्याच्या पॉलिसी विकत मीरा रोडभर फिरायचे.

दिवाळीआधी वडील पुन्हा आले, तेच उत्तर घेऊन गेले. तिसऱ्यांदा ते ऑफिसात गेलेच नाहीत, माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहिले.

"म्याडम, तुम्हीच सांगा ना सरांना. तिकडची शाळा दाखल्याबिगर घेईना. पोरगी घरी बसून हाय."

"मी बोलते सरांशी," मी म्हटलं.

बोलले नाही. हजेरीपट माझ्याकडे होता. रोज सकाळी तिच्या नावाशी आले की मी ते न वाचता हजेरीची खूण करायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, ती तर गावाला गेली ना?"

"तू तुझं लिही," मी म्हटलं.

समिती जानेवारीत आली. आदल्या दिवशी सातवीतली एक उंच मुलगी आणून त्या जागेवर बसवली होती, कुठल्या नावाला 'हजर' म्हणायचं ते पढवून. साहेबांनी नावं वाचली, डोकी मोजली, उपस्थिती चांगली आहे म्हणाले. ते गेल्यावर सातवीतली मुलगी माझ्याकडे आली. "नीट बोलले ना, मॅडम?" तिचा चेहरा फुलला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दाखला मीच लिहिला. सरांनी मान वर न करता सही केली. गोदामात जाऊन मी तो वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "आता परीक्षाच आली की, म्याडम. आता कोण घेतंय?" तरी नीट घडी करून खिशात ठेवला.

आमची शाळा पात्र ठरली. निधी मात्र नव्हता.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी स्टीलच्या वाट्या घाऊक घ्यायला मी भाईंदरच्या एका कारखान्यात गेले. तिथे ती जमिनीवर बसून वाट्या कागदात गुंडाळत होती. मला पाहताच उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"शाळा?" मी विचारलं.

"नाही ना, मॅडम. गावाला वर्ष गेलं. मग पप्पा म्हणाले, चल इकडेच." हातातली वाटी कागदात गुंडाळत ती म्हणाली, "माझा दाखला उशिरा मिळाला ना. ऑफिसात अडकला होता म्हणे."

"हो," मी म्हटलं. "ऑफिसातच अडकला होता."

तिने माझ्या वाट्या बांधून दिल्या आणि पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

त्या वर्षी पुन्हा तपासणी लागली. निधी मिळायचा तर पट तसाच टिकलेला दिसायला हवा होता. महिन्याभरात दोन पालक दाखला मागायला आले. मी दोघांनाही सरांकडे पाठवलं.