पोरीने ताऱ्यांचा विषय सोडला

मागच्या बुधवारी कोणाला न सांगता धुळ्याला जाऊन आलो. आमच्या असोद्याहून जळगाव, तिथून दुसरी बस... या वयात कमरेला झेपत नाही, पण घरात बसवत नव्हतं.

झालं असं, की रविवारी दीपालीचा फोन आला. माझी मुलगी बंगलोरला फिजिक्समध्ये पीएचडी करते, तिसरं वर्ष संपत आलंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाली, "आबा, मी विषय बदलला." मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पोर ताऱ्यांच्या उजेडाचा अभ्यास करते, एवढंच मला समजलं होतं. पण तेवढंच मी गावभर सांगितलं होतं. स्टँडवर तिच्या फोटोचा फ्लेक्ससुद्धा लावला, 'ताऱ्यांचा शोध घेणारी आपल्या गावची कन्या'. खाली हात जोडलेला मी. तिला तो आवडला नव्हता, पण मी ऐकलं नाही.

तीन दिवस जेवण गेलं नाही. तिला काढून टाकलं असेल का? तीन वर्षं वाया गेली का? स्कॉलरशिप बंद झाली तर पोर परमुलखात खाणार काय? तिची आई असती तर तिने उलट फोन लावून सरळ विचारलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली... आता या घरात मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं.

त्यात सलूनवाला पंढरी दाढी करता करता म्हणाला, "काय आबा, किती तारे मोजून झाले पोरीचे?" तो रोजच विचारतो. त्या दिवशी मात्र मी अर्धी दाढी ठेवून उठणार होतो.

धुळ्याला दीपालीचे कॉलेजातले सर राहतात, आता रिटायर झालेत. ती अजून त्यांना फोन करते हे मला माहीत होतं. केळीची एक फणी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. पाणीसुद्धा न पिता म्हटलं, "सर, तुम्ही तिच्या गाईडला फोन करा. पोरीचं काही चुकलं असेल तर मी माफी मागतो, पण तिला परत ताऱ्यांवर घ्या म्हणावं."

सर हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. खांद्यावर हात ठेवून आपल्या बोलीत म्हणाले, "आबा, बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक आहे. बसा आधी."

त्यांनी समजावून सांगितलं. पीएचडीत पुष्कळ मुलं विषय बदलतात. दुर्बिणीतून आलेले आकडे दिवसभर कॉम्प्युटरवर बघण्यात तिचं मन लागत नव्हतं, तिला हाताने प्रयोग करायचे होते. तिचे गाईड चांगले आहेत, स्कॉलरशिप चालू आहे.

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सर म्हणाले, "हे मला चार महिन्यांपासून माहीत आहे. गाईडला सांगायला तिला एक दिवस लागला, आबा. तुम्हाला सांगायला चार महिने."

चहा तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये मी मागचे रविवार आठवत होतो. दर रविवारी मी विचारायचो, काय म्हणतात तारे? आणि ती काहीतरी सांगायची. एकदा म्हणाली, आबा, आज एक फार जुना तारा बघितला... ते मी दुसऱ्या दिवशी पंढरीला रंगवून सांगितलं होतं. म्हणजे चार महिने पोर माझ्यासाठी तारे रचत होती.

घरी आल्यावर दिवा लावला आणि तिला फोन केला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली. "आबा, तब्येत बरी आहे ना?"

म्हटलं, "बरी आहे. आता तू काय करतेस ते सांग."

मग म्हणाली, "धान्य अडकतं ना आबा, त्याचा अभ्यास करते. दाणे मोकळे असूनही तोंडाशी का थांबतात..." मग हळूच विचारलं, "आपल्या पत्र्याच्या कोठीतून दादर ज्वारी पडायची थांबली, की आई बुक्की मारायची. नेमकी कुठे, आठवतं का?"

मला माहीत नव्हतं. ज्वारी काढायचं काम कायम तिच्या आईचंच. दोन वर्षं झाली, मी डबाच लावलाय.

फोन तसाच चालू खाली ठेवला आणि कोठीचं तोंड उघडलं. चार दाणे पडले आणि थांबले. इथे मारलं, तिथे मारलं. तोंडाच्या वीतभर वर, उजव्या अंगाला मारलं, तेव्हा दादर धो धो खाली आली. ओरडून सांगितलं, तर ती तिकडे हसत होती. हसता हसता रडायला लागली.

म्हणाली, "आबा, या नव्या विषयातही मला अजून काही जमत नाहीये."

इतक्या वर्षांत पोरीने जमत नाही हे पहिल्यांदा मला सांगितलं. मी भिंतीला टेकून ज्वारीतच बसलो आणि म्हटलं, "सांग."

तासभर बोलली. मला त्यातलं फारसं कळलं नाही... पण तिने मला सांगितलं, हे तिचे उपकार.