चार अंडी

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धाग्याच्या कंपनीत कामाला असलेल्या माझ्या काकांनी वापीच्या बाजारातून एक कॉकाटील पक्षी आणला, तो काकूसाठी. काकूला दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नसे. टोकरखाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाच माणसांनी एखादी गोष्ट न बोलता राहणं सोपं नव्हतं, पण आईचा धाकच तसा होता.

राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर नारिंगी ठिपके. आम्ही त्याला पोपट समजून मिरच्या दिल्या. त्याने त्या भिरकावल्या आणि काकूच्या तळहातावरची बाजरी टिपली. तेव्हापासून तो तिचाच. ती निवडायला बसली की तो खांद्यावरून तिच्या कानातलं ओढायचा, आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारी काकू त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. मला भारी राग यायचा. माझ्याशी ती कधी एवढं बोलली नव्हती.

मग एका सकाळी पिंजऱ्यात अंडं दिसलं. आमचा 'तो' 'ती' निघाली. आठवड्याभरात अंडी चार झाली. काकूने बुटांच्या खोक्यात भुसा घालून दिला आणि ती पक्षीण त्यात बसली ती बसलीच. खाणं सुटलं, पोट खपाटीला गेलं. काकू आम्हाला दटावायची, "हळू बोला."

काकांनी पक्षीवाल्याला विचारलं. तो हसला, "नर वगर बच्चां क्यांथी थाय?" नराशिवाय पिल्लं होणार नाहीत, अंडी पोकळ आहेत, हे घरात काकू सोडून सगळ्यांना कळलं. तिला सांगायची हिंमत कुणाला होईना. तीन आठवडे उलटल्यावर आईने ठरवलं: काकू नळावर गेली की मी अंडी काढून फेकायची.

"मांजरीनं नेली असं सांगू," आई म्हणाली.

तेरा वर्षांची मी, स्वतःला फार शहाणी समजायचे. लगेच हो म्हटलं.

खोक्यात हात घातला तर पक्षिणीने बोटाचा कडकडून चावा घेतला. मी किंचाळले. वळून पाहते तर दारात काकू, कमरेवर भरलेली कळशी.

"पोकळ आहेत ती!" मी चिडून बोलून गेले. "सगळ्यांना माहितीये."

काकूने कळशी उतरवली. "मले बी माहीत आहे. पह्यल्याच आठवड्यात उन्हाकडं धरून पाह्यली मी."

"मग कशाला बसू देतेस तिला?"

"तिले बसायचं आहे म्हणून. उठंल तिची ती." तिने पदराने माझं बोट पुसलं. "माझ्या टायमाले सगळ्यांले घाई होती. दुसऱ्या दिशी भाकऱ्या थापत होती मी."

आतल्या खोलीत स्टोव्ह बंद झाला. आई बाहेर आली आणि काकूसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता दोघींचं वाजणार.

"मीच उठवलं होतं तुले," आई म्हणाली.

"हो, ताई."

एवढंच. मग आई पिंजऱ्यापाशी खालीच बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि काकू तिच्या शेजारी बसून तिची पाठ चोळत होती.