कोंडाजीच्या पोटातला राब

माले गावच्या कोंडाजीला आयुष्यात दोनच गोष्टी नीट येत: भात लावणं आणि नाही म्हणणं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटाच्या अस्तरावर पसरला, तेव्हा तो दुसऱ्या कामाला लागला.

"दिसेल ती गाठ काढायची," पुण्याच्या डॉक्टर मृण्मयी सांगत होत्या, "आणि मग गरम औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं. जे दिसत नाही तेही मरावं म्हणून."

"न्हाई."

बायको रंभाबाईने कपाळावर हात मारला. "अवो, भाताच्या रोपांसाठी राब भाजतो तसंच हाय की! आदी तण उपटायचं, मग श्यान-पाचोळा पसरून भुई भाजायची. तणाचं बी जळतं."

कोंडाजीचा चेहरा उजळला. हे सरळ सांगायचं, तर ही डॉक्टर पोरगी इतका वेळ काय दळत होती? पण तिथेच घोळ झाला. भाजलेला राब मोकळा टाकायचा नाही, हा त्याच्या घरचा दंडक.

"मग पेरनार काय?"

"कुठे?"

"पोटात."

"काही नाही. शिवून टाकणार."

"भाजून मोकळा? घर बसंल माझं! ऊठ गं रंभे."

रंभाबाई उठली नाही. "बाई, सुदीवर आल्यावर यास्नी काय द्याल?"

"आधी पाणी. आतडी चालू झाली की भाताची पेज."

"ऐकलंत? भातच पेरनार हायेत."

कोंडाजी परत बसला. "वाण कंचा?"

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "इंद्रायणी."

"आन् दरसाल भाजावा लागंल?"

आता मात्र डॉक्टर गंभीर झाल्या. "दरसाल नाही भाजता येत, काका. तण परत येऊही शकतं. पण असंच ठेवलं, तर ते सगळं रान खाईल."

"तण कुटं येत न्हाई?" म्हणत कोंडाजीने होकार दिला.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गावाहून फोनवर फोन: "पेरनी झाली का?" पुढचे काही दिवस कोंडाजी नळ्यांमध्ये गप्प पडून होता. असा गप्प नवरा रंभाबाईने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग एका सकाळी पेज आली. कोंडाजीने वास घेतला, चमचा खाली ठेवला.

"न्हाई. इंद्रायनी न्हाई हा. बियान्यात फसवलं!"

रंभाबाईने बाहेर जाऊन डोळे पुसले आणि सुनेला फोन लावला.

"शुभांगे, कनगीतला तांदूळ धाड. म्हातारा न्हाई म्हनाया लागला."