लाल दिव्याची मोजणी

यंत्रापुढे सगळी माणसं सारखीच असतात, असं म्हणतात. देवगाव फाट्याजवळच्या कालव्यावर मी हजेरी मांडायचो, तेव्हा यंत्रापुढे ठेकेदार खुर्चीवर बसायचा आणि बाकीचे उभे असायचे.

त्या दिवशी नवं पोकलेन कालव्याच्या तळात बंद पडलं. संध्याकाळी वरून पाणी सुटणार होतं. यंत्र बुडालं तर नोकरी गेली, असं ठेकेदाराने ऑपरेटरला बजावलं होतं.

परभणीहून मेकॅनिक आला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. सीटखालच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कळायचा. मेकॅनिक ओठ हलवत बोटांच्या पेरांवर मोजू लागला.

"काय म्हणतंय, उस्ताद?" ठेकेदाराने विचारलं.

मोजणी चुकली. उस्तादने अंगठा पुन्हा करंगळीवर नेला.

"हातोडी मारून बघा की!" ठेकेदार पुन्हा म्हणाला.

मोजणी पुन्हा चुकली. "मालक, ते बोलायलंय. तुमी दोघं एकदम बोलू नका."

या वेळी मोजणी पुरी झाली. ऑपरेटर पाणी येणार त्या दिशेला बघत राहिला. यंत्राचं इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला सरकारी कामावर पुन्हा भेटला नाही.

मग उस्तादने बोनेट उघडलं, वायरचा एक जोड सोडवला आणि आतला ओलावा बोटाने चाखला.

"गोड हाय. नारळ कुणी फोडला?"

सगळ्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं. काम लवकर उरकावं म्हणून सकाळी त्यानेच बोनेटवर फोडला होता.

जोड पुसून लावताच इंजिन धडधडलं. ऑपरेटरने पोकलेन काठावर चढवलं आणि आम्ही पाण्याची वाट बघत उभे राहिलो.

पाणी आलं नाही. दरवाजे उघडणारा चौकीदार मेहुणीच्या लग्नाला गेला होता.