हिवरखेडची बरोबरीत सुटलेली कुस्ती

हिवरखेडच्या दंगलीत दौलत आणि किसन या दोन पहिलवानांनी माझ्या बापाला फसवलं. आज जठारपेठेत एका तालमीसमोर तेल-हळद घातलेल्या लाल मातीचा वास आला आणि डोकं पुन्हा तापलं.

ही जोडी एकदा लागावी म्हणून बाबा वर्षानुवर्षं थांबले होते. लागली तेव्हा दोघंही उतरणीला आणि बाबा अंथरुणाला खिळलेले. मी त्यांना गाडीत गादी टाकून नेलं. सलामीला हात मिळाले, तेव्हा किसनची बोटं दौलतच्या तळव्यात दाबलेली मी पाहिली. मी बैलांचा व्यापारी. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करतच मोठा झालो.

"बाबा, हे ठरवून लढून राह्यले."

"तुले बैल समजते, कुस्ती नाई. गुमान डाव पाह्य."

ढाक, कलाजंग, एकेक डाव देखणा बसायचा आणि ऐन वेळी सैल सुटायचा. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. बाबा गादीवरून टाळ्या वाजवत राहिले. त्याच आठवड्यात ते गेले.

माझं ऐकलं नाही म्हणून तेव्हा मला बाबांचाच राग आला होता. आता त्या टाळ्या आठवल्या की दौलतचा येतो. किसन वारला. दौलत अजून तालमीत पोरांना इमानदारी शिकवतो.

दौलत पहिलवान, त्या सलामीत काय ठरलं होतं, ते माझ्या तोंडावर सांगा.